वहिनींचे शोभेचे कांदे

आमच्या थोरल्या जाऊबाई रफूचं काम करायच्या. बाजाराच्या कोपऱ्यावर कपडे धुऊन देणारं एक मोठं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. कसर लागलेले कोट, सिगारेटनं भोक पडलेल्या पँटी, खिळ्याला अडकून फाटलेले लोकरीचे झगे, सगळं त्यांच्याकडे यायचं. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून त्या धागे काढायच्या आणि उभे-आडवे असे विणत जायच्या, की भोक होतं कुठे ते मालकालाही सापडू नये. एकदा एक गिऱ्हाईक दुकानात भांडायलाच आलं. म्हणे हा कोट माझा नाही, माझ्या कोटाला भोक होतं. वहिनी आतून ओरडल्या, "पुन्हा पाडून देऊ का?"

माझे यजमान त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. घर एकच, दोन मजल्यांचं. खाली वहिनी आणि भाऊजी, वर आम्ही दोघं. भाऊजी जन्मभर बस चालवून घरी बसलेले. स्वभावानं अगदी गरीब, निदान वहिनींसमोर तरी. वहिनींची जीभ तिखट, पण मी नवीन असताना माझा हात धरून मला या घरात चालायला त्यांनीच शिकवलं. ते मी कधी विसरणार नाही.

घरासमोर फाटकापर्यंत एक चिंचोळी जागा आहे. तिथे वहिनींची बाग. ती त्यांच्या कामासारखीच होती, बारीक. नखाएवढी निळी फुलं, मोहरीएवढी पांढरी फुलं, दगडांच्या फटीत मुद्दाम लावलेली. आमचे हे त्यांना चिडवायचे, "वहिनी, तुमची बाग बघायला भिंग लागतं हो."

"मग आणा भिंग," वहिनी म्हणायच्या. "ज्याला बघायचंय तो वाकेल."

त्यांचे डोळे गेले ते हळूहळू गेले. एका सकाळी त्यांनी मला जिन्यावरून हाक मारून खाली बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट करून विचारलं, "ही चौकट वाकलीये का गं?"

मी पाहिलं. चौकट सरळ होती.

"मग माझंच काहीतरी वाकलंय," त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

पुढे दुकानात एक करडा कोट परत आला. रफू दिसत होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वहिनींनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि बोटालाच कळलं, धागे एकमेकांवर चढलेत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग सुया डबीत भरून त्या भरदुपारी घरी आल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होत्या, पण बोलल्या नीट, समजेल असं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, दोन्ही डोळ्यांत. गेलं ते परत येणार नाही. पण कडा शाबूत आहेत, पूर्ण अंधार होणार नाही. घरी येताना बसमध्ये वहिनींनी चष्मा काढून पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "म्हणजे घर दिसेल, माणूस दिसणार नाही. तुझ्याकडे बघते तर तुझे कान दिसतात, केस दिसतात. मधे नुसता धूर."

त्याच दवाखान्यात एक प्रशिक्षक ताई होत्या. ज्यांची नजर अशी जाते त्यांना उरलेल्या नजरेनं वागायला शिकवणाऱ्या. त्यांनी वहिनींना समजावलं की वस्तूकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा. म्हणजे वस्तू कडेच्या नजरेत येईल. थोडी सवय लागते, पण जमतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "आयुष्यभर सुईच्या टोकाकडे बघत आले. आता काय चोरासारखी इकडेतिकडे बघू? मी नाही जायची परत." आणि गेल्याच नाहीत.

दुकानाचं काम सुटलं. बाग तरी होती. पण एका सकाळी मी खाली आले तेव्हा वहिनी वाफ्यात बसून तण काढत होत्या आणि त्यांच्या मुठीत त्यांचीच निळी फुलझाडं होती, मुळांसकट. तण तसंच डोलत उभं. मी काही बोलायच्या आत भाऊजी दारातून म्हणाले, "अगं, ते आपलं..." आणि पुढचं गिळलं. वहिनींनी मूठ उघडली. रोपं तिथेच टाकली, हात झटकले आणि आत गेल्या. तो सगळा उन्हाळा त्या पुढच्या दारानं बाहेर आल्या नाहीत. बाजाराला जायचं झालं तर मागच्या दारानं.

घरात भाऊजी स्वयंपाक करायला शिकले. म्हणजे शिकत होते. वहिनी खुर्चीत बसून सूचना द्यायच्या, ते गोंधळायचे, आणि वर आमच्यापर्यंत करपल्याचा वास यायचा. पण सूचनासुद्धा कमी होत चालल्या होत्या. जे वाढलं ते त्या मुकाट्यानं खायच्या. वहिनी मुकाट्यानं जेवताहेत, याची मला त्या डोळ्यांपेक्षाही जास्त धास्ती वाटायची.

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला एक बाई फाटकाशी आल्या. उंच, रापलेल्या, पायांत गमबूट. त्या शहराच्या मोठ्या बागेत माळीण होत्या. त्यांच्या आईचा एक लोकरीचा कोट वहिनींनी कधीकाळी रफू केला होता. परवा दुसरं काहीतरी रफू करायला त्या दुकानात गेल्या तर कळलं की बाई आता येत नाहीत, आणि का येत नाहीत तेही कळलं. म्हणून त्या पत्ता विचारत आल्या होत्या.

"आई शेवटपर्यंत तो कोट घालायची," माळीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला भेटून सांगायचं राहून गेलं होतं. आणि हे आणलंय." त्यांनी कागदाची जाड पिशवी पुढे केली. "बागेत एक वाफा नवा करतोय आम्ही. त्यातले जास्तीचे कंद आहेत. ॲलियम म्हणतात. जातीनं कांदेच, पण शोभेचे. उंच दांड्यावर जांभळे गोळे येतात, हे एवढे." त्यांनी दोन्ही हातांनी लहान बाळाच्या डोक्याएवढा गोल करून दाखवला. मग वहिनींना ते दिसलं नसणार हे लक्षात येऊन त्यांनी वहिनींचे हात धरले आणि त्यांच्याच हातांचा गोल करून दाखवला. मला ती गोष्ट फार आवडली.

वहिनींना काही आवडलं नाही. बाई गेल्यावर म्हणाल्या, "डोळे गेले तर लोक कांदे आणून देतात. रडायला सोय." पिशवी भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली आणि ती तिथेच राहिली. माळीणबाईंनी जाताना मला फोन नंबर दिला होता, तो मी जपून ठेवला. वहिनींना देण्यात अर्थ नव्हता.

पुढचं जे झालं त्याला भाऊजी जबाबदार.

एका संध्याकाळी ते धापा टाकत जिना चढून वर आले. त्यांचा गुडघा दुखतो, एरवी ते जिन्याच्या वाटेला जात नाहीत. "अगं, तुझ्या वहिनीला मी विष घातलं गं!"

आम्ही दोघं धावत खाली गेलो. वहिनी टेबलाशी बसल्या होत्या, समोर सूपची रिकामी वाटी. घरातले कांदे संपले होते म्हणून भाऊजींनी खुंटीवरच्या पिशवीतला सगळ्यात मोठा कांदा काढून, चिरून, परतून सूपमध्ये घातला होता. वास कांद्याचाच आला म्हणे, जरा गवताकडे झुकलेला. वाटी संपता संपता वहिनींनी विचारलं, "अहो, यात साबण पडलाय का?" भाऊजी म्हणाले, नाही, कांदाच जरा उग्र होता. "कुठला कांदा?" खुंटीवरच्या पिशवीतला. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मी माळीणबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. भाऊजींनी गुन्हा कबूल केल्यासारखं सगळं सांगितलं.  मग माळीणबाईंनी विचारलं, "किती खाल्लं?"

"दोघांनी वाटी वाटी."

"पोट दुखलं तर लगेच डॉक्टरकडे जा. पण एवढ्यानं काही होऊ नये." त्या थांबल्या. "फक्त भाऊ, तुम्ही एक अख्खं फूल खाल्लंत."

पहिल्यांदा मला कळलंच नाही कसला आवाज येतोय. वहिनी हसत होत्या. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग टेबलावर हात आपटून त्या हसायला लागल्या. "फूल खाल्लं!" त्या म्हणाल्या. "जन्मात कधी एक फूल आणलं नाहीत मला, आणि आता आणलं ते शिजवून!" भाऊजी बिचारे हसावं की माफी मागावी अशा तोंडानं उभे होते. आमचे हे भिंतीला टेकून हसत होते. पोट कोणाचंही दुखलं नाही, म्हणजे हसून दुखलं तेवढंच.

हसू ओसरल्यावर वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उरलेले उद्या लावून टाकू. नाहीतर हा माणूस ते पण खाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढच्या दारानं बाहेर आल्या. आमची माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. वाळू मिसळा, नाहीतर कंद कुजतील, असं माळीणबाईंनी फोनवर बजावलं होतं. भाऊजींनी घमेल्यानं वाळू वाहिली, मी खणलं. लावण्याचं काम वहिनींनी कोणाला करू दिलं नाही. कंदाचं बूड चपटं असतं आणि त्याला वाळलेल्या मुळांची दाढी असते. वर शेंडी. वहिनी प्रत्येक कंद हातात फिरवायच्या, दाढी खाली, शेंडी वर करायच्या आणि मनगट बुडेल एवढ्या खोल खड्ड्यात बसवायच्या. दोन कंदांत वीतभर अंतर. माती लोटली की वरून तळहातानं थापायच्या. त्यांची बोटं इतके महिने रिकामी होती, ती अशी चालताना बघून मी खाली मान घालून खणत राहिले. डोळे भरले होते आणि वहिनींना आवाजावरूनसुद्धा ते कळलं असतं.

थंडी सरली तशी जमिनीतून पट्ट्यांसारखी रुंद पानं वर आली. आता पुन्हा तणाचा प्रश्न. पण वहिनींनी तो स्वतःच सोडवला. पानाचं टोक दोन बोटांत चुरडायचं आणि हुंगायचं. कांद्याचा वास आला तर आपलं, नाही आला तर उपटायचं. त्या रोज सकाळी चटई टाकून वाफ्याशी बसायच्या आणि हुंगत हुंगत पुढे सरकायच्या. शेजारीपाजारी बघायचे. बघू देत. जेवताना त्यांच्या हाताला कांद्याचा वास यायचा आणि भाऊजी म्हणायचे, "मला बोलतेस, आता तूच खातेस वाटतं चोरून."

मग एक दिवस मी पाहिलं तर पानांची टोकं पिवळी पडलेली. चार दिवसांत पानं निम्म्यापर्यंत वाळली. मला वहिनींना सांगवेना. पण त्यांच्या बोटांना ते आधीच कळलं होतं. "गेलं ना?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातालाच यश नाही आता."

मी वर जाऊन गुपचूप माळीणबाईंना फोन केला. त्या ओरडल्याच, "अहो, पाणी घालत बसू नका! त्याची रीतच ती. फूल वर यायला लागलं की पानं वाळतात. मधे दांडा आलाय का बघा."

आम्ही बघितलं. दांडे आले होते. वाळक्या पानांच्या मधोमध, बोटाएवढे जाड, टोकाला कागदासारख्या पातळ सालीत गुंडाळलेली कळी. वहिनींनी ती हळूच चाचपली. दुसऱ्या दिवशी उठून आधी दांड्यांची उंची हातानं मापून आल्या. मग ते रोजचंच झालं. गुडघ्याएवढे, मांडीएवढे, कमरेएवढे.

कागद फाटले आणि गोळे उघडले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. शेकडो बारीक चांदण्या मिळून एकेक गोळा, गर्द जांभळा, आणि त्यावर मधमाश्यांची ही गर्दी. मी वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं आणि म्हटलं, "बघा." शब्द तोंडातून गेला आणि मीच जीभ चावली.

त्यांनी वाफ्याकडे तोंड केलं. बराच वेळ बघितलं. "धूर," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या घरात कोणीतरी भांडं पाडलं, त्या आवाजानं त्यांनी मान वळवली. आणि तशाच थांबल्या. तोंड शेजारच्या भिंतीकडे, आणि हात माझ्या मनगटावर घट्ट.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "दिसतंय."

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"जांभळं आहे. गोल आहे. एक, दोन... किती तरी आहेत. हलताहेत." त्यांनी मान सरळ केली. "गेलं." पुन्हा भिंतीकडे वळवली. "आलं!" असं त्या किती वेळ करत होत्या. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मान आखडली. वहिनी त्यांच्याकडे वळल्या, पण चेहऱ्याकडे नाही. त्यांनी भाऊजींच्या डाव्या कानाकडे बघितलं. नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही हनुवटीखाली दाढी करतच नाही का? कधीपासून चाललंय हे?"

भाऊजींनी हनुवटीला हात लावला आणि ते तिथेच पायरीवर बसले. माझ्या दिरांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात वहिनी स्वतःहून दवाखान्यात गेल्या. प्रशिक्षक ताईंना म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं. मी ऐकलं नाही. आता शिकवा." ताईंनी मागचं काही काढलं नाही. खुर्ची ओढली आणि शिकवायला लागल्या. रफू काही परत आला नाही, ते होणारच नव्हतं. पण वहिनी चहा न सांडता गाळायला लागल्या, बसचा रंग ओळखायला लागल्या, माणसांच्या कानांकडे बघून त्यांच्या तोंडावरचे भाव सांगायला लागल्या. आमच्या गल्लीतले लोक सुरुवातीला कानाला हात लावून बघायचे, काही चिकटलंय का म्हणून.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पुढच्या वर्षी त्यांनी हौसेनं आणखी कंद मागवले आणि फाटकाजवळच्या खोलगट भागात लावले. तो पावसाळा लांबला. वाळू घालूनही पाणी तिथे साचून राहिलं. वसंतात तिथे काहीच उगवलं नाही. उकरलं तर कंद हाताला मऊ लागले आणि असा वास सुटला की भाऊजी आत पळाले. मला वाटलं, आता वहिनी पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार.  संध्याकाळी म्हणाल्या, "जागा माझी चुकली. वाफा उंच करायला हवा." आणि आमच्या ह्यांना विटा आणायला पिटाळलं. मला त्या दिवशी कळलं की त्या बऱ्या झाल्यात. डोळे नव्हे, त्या.

पुढे प्रशिक्षक ताईंनीच विचारलं की फुलं आली की मी दोघा-तिघांना घेऊन येऊ का? ज्यांची नजर नुकतीच अशी गेलीये, त्यांना. दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा इथे बरं शिकतील. तेव्हापासून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या फाटकात माणसं येतात. एक शाळेतले निवृत्त मास्तर आले होते, फार रागावलेले. वहिनींनी त्यांना वाफ्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "मास्तर, आता त्या विजेच्या खांबाकडे बघा. फुलांकडे बघायचं नाही, बघितलंत तर छडी." मास्तर हसले. मग खांबाकडे बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. मी चहा घेऊन दारातच थांबले. असे चेहरे मी आता कितीतरी पाहिलेत आणि तरी प्रत्येक वेळी चहा हातातच गार होतो.

गेल्या वर्षी माळीणबाई निवृत्त झाल्या आणि बहिणीजवळ राहायला दूरच्या गावी जायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा बाग भरात होती. वहिनी आणि त्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या. वहिनींना गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झालं.

मग वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला फाटकातूनच परत पाठवणार होते."

"कळलं होतं मला," माळीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर पिशवी टेकवून पळाले."

"बरं केलंत." वहिनींनी मान जरा वळवली आणि त्यांच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर मी अजून आत बसलेली असते. हे माणूसही," त्यांनी मागे भाऊजींकडे अंगठा केला, "माझ्याबरोबर बसून बसून म्हातारं झालं असतं. तुमचे उपकार आहेत आमच्यावर. बोलायला मला जमत नाही, पण आहेत."

 माळीणबाईंनी वहिनींचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. आत भाऊजींनी जेवण वाढायला घेतलं होतं. त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी एकट्यानं केला होता, आणि चांगला झाला होता. माळीणबाई पोटभर जेवून गेल्या.

त्या आता रविवारी फोन करतात. वहिनी त्यांना इकडची खबर देतात. कुठला दांडा वाऱ्यानं मोडला, कुठल्या कंदाला बाजूला पिल्लं फुटली, कोणाला दिली. परवा बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्याकडे माती कशी आहे? चिकट असेल तर वाळू घाला. मी पाठवते चार कंद." आणि फोन कानाशी धरूनच त्यांनी मला खुणेनं खुरपं आणायला सांगितलं.